थोरलीचा टाक

नोकरीत काय करत होता, असं कोणी विचारलं की मी "कॉलेजात शिकवत होते" असं सांगून मोकळी होते. खरं सांगायला गेलं तर समोरच्याचा चहा गार होतो. उमेदीची कितीतरी वर्षं मी सोलापूर जिल्ह्यातल्या गावांत घरोघर जाऊन, तुमच्याकडे अलीकडे कोण मेलं, असं विचारत हिंडले. त्याचा मला पगार मिळत असे, आणि ते नीट कसं विचारावं हे शिकवायला एक प्राध्यापक समुद्र ओलांडून आले होते.

संपादकांनी गमतीदार प्रसंग लिहा म्हणून सुचवलं होतं. गमतीदार प्रसंग भरपूर आहेत. माळशिरसकडचे एक आजोबा घरातल्या आजारपणांची माहिती अगदी तपशीलवार देत होते. ताप, पोटफुगी, खाणं बंद, सगळं. शेवटी वय विचारलं तेव्हा कळलं की हे सगळं म्हशीचं चाललंय. सुनेच्या आजाराबद्दल विचारल्यावर ते म्हणाले, "तिला काय हुतंय, चांगली हाय की." सून आत खाटेवर कण्हत होती. हा किस्सा मी नेहमी सांगते, लोक हसतात, आणि मी पुढचं सांगत नाही. पुढचं म्हणजे एका दुसऱ्या गावातलं, ते आज सांगायचं ठरवलं आहे.

आधी धंदा समजावून सांगते. आरोग्याचं धोरण म्हणजे काय, तर कुठल्या गावात नर्स ठेवायची, कुठल्या दवाखान्याला जीप द्यायची, हे लांब मुंबईत बसलेल्या माणसाने कागदावरून ठरवायचं. तो कागद खरा असावा म्हणून आधी कोणीतरी उन्हातान्हात जाऊन लोकांना विचारून यावं लागतं. ते आम्ही. मी समाजशास्त्र शिकलेली, वैद्यकीय महाविद्यालयात संशोधन सहायक म्हणून चिकटलेली. माझ्यासोबत तीन तरुण डॉक्टर होते. पुढे आम्ही सरकारला शहाणपण शिकवावं अशी योजना होती आणि आम्हाला शहाणपण शिकवण्यासाठी श्रीलंकेहून डॉ. गुणसेकरा पाहुणे प्राध्यापक म्हणून दोन वर्षांसाठी आले होते.

सर उंच, सावळे, अतिशय हळू बोलणारे. मिलचा भोंगा वाजला की बोलता बोलता थांबायचे आणि तो पूर्ण संपला की त्याच शब्दापासून पुढे सुरू करायचे. सोलापूरची शेंगाचटणी त्यांना त्यांच्या गावाकडच्या जेवणापेक्षा सौम्य वाटायची, त्यामुळे आमच्या अभिमानाला पहिल्याच आठवड्यात तडा गेला. त्यांना मराठी येत नव्हती. आम्ही मुलाखत घेत असताना ते कोपऱ्यात बसून राहात. मला वाटायचं, बिचारे कंटाळत असतील. नंतर लक्षात आलं की बोलणं कळत नसल्यामुळे ते फक्त बघत असत, आणि आम्ही बोलण्यात गुंतल्यामुळे आमचं बघायचं राहून जात असे.

त्यांनी आम्हाला खूप शिकवलं. बाजेवर बसू नका, घरची बाई जिथे बसेल तिथे बसा. प्रश्न विचारला की गप्प राहा, उत्तराला घाई करू नका. आणि एक नियम त्यांनी फार कडकपणे पाळायला लावला: एका घरी पहिल्या फेरीला जो गेला असेल त्याने दुसऱ्या फेरीला जायचं नाही. ओळखीच्या माणसाला लोक त्याला आवडेल तसं सांगतात, तिऱ्हाइताला खरं सांगतात, असं त्यांचं म्हणणं. पुस्तकात हे बरोबरच आहे.

वैरागच्या पुढे एक गाव होतं. नाव लिहीत नाही, तिथली माणसं आहेत अजून. तिथून जवळच्या आरोग्य केंद्राने अनेकदा जीप मागितली होती. अडलेल्या बाईला सोलापूरला न्यायला बैलगाडीशिवाय साधन नव्हतं. वरून उत्तर यायचं की त्या भागात बाळंतपणात कोणी दगावल्याची नोंद नाही, तर जीप कशासाठी. आम्ही त्या नोंदीची शहानिशा करायला गेलो होतो. पहिल्या फेरीत घरोघर विचारलं, बाळंतपणात कोणी गेली का. प्रत्येक घरी उत्तर एकच, "न्हाय बाई." मला तर बरंच वाटलं. गाव नशीबवान दिसतंय, असं मी सरांना म्हणालेही.

त्या फेरीत शांता भेटली. सुगीचे दिवस होते, ती पोटुशी होती, अंगणात बसून बाजरी पाखडत होती. हनुवटीवर गोंदलेला हिरवा ठिपका आणि हसणं असं की शेजारच्या गोठ्यातलं जनावर मान वर करायचं. मी प्रश्न विचारायच्या आधी तिनेच मला विचारून घेतलं. लगीन झालं का, का न्हाय झालं, साडी कुटनं घेतली. "तुमी लोकांच्या घरात डोकवायचं काम करता व्हय? मला बी लावा की तसल्या कामाला," ती म्हणाली. सासू दारात उभी होती, तिलाही हसू आवरत नव्हतं. सासूचं नाव सखूबाई. घरात प्रेम होतं, हे मुद्दाम सांगते. सासू म्हटलं की वाचक लगेच वेगळं धरून चालतात.

दुसरी फेरी दीड वर्षाने, उन्हाळ्यात झाली. नियमाप्रमाणे त्या घरी मी जायचं नव्हतं. पण आमच्यातल्या ज्या डॉक्टरांची पाळी होती ते काविळीने अंथरुणाला खिळले, म्हणून मी गेले. सर बरोबर होते. ऊन उतरायला लागलं होतं. मनातून मला आनंदच झाला होता, की ती हसरी बाई परत भेटणार.

दारात सखूबाई होती. तिने मला ओळखलं, पण तोंडावर काही दिसू दिलं नाही. "शांता आहे का?" मी विचारलं.

"हाय की. बसा."

आतून एक बाई आली. कडेवर वर्षा-सव्वा वर्षाचं पोर. अंगावर तेच हिरवं लुगडं, जे नेसून शांता बाजरी पाखडत बसली होती. काठाजवळ विटकरी ठिगळ होतं ते मला चांगलं आठवत होतं. बाई पुन्हा पोटुशी होती, दिवस भरत आलेले. हनुवटी कोरी होती.

मला वाटलं, जाऊबाई असेल. मी नाव विचारलं.

"शांता."

वय विचारलं. शांताचं जे वय होतं, त्यात एक मिळवून तिने सांगितलं. पोर कोणाचं, तर माझं. कधी झालं, तर गेल्या वर्षी शिमग्याच्या आधी. सगळं जुळत होतं. माझ्या जागी दुसरा कोणी असता तर आई सुखरूप, मूल सुखरूप म्हणून उठला असता. मी मात्र तिच्या हनुवटीकडे बघत बसले. गोंदण पुसलं जात नाही.

"बाळंतपणाला त्रास झाला का?" मी विचारलं. दुसरं काय विचारावं ते सुचेना.

तिने पोराला मांडीवर घेतलं आणि जमिनीकडे बघत सांगायला लागली. आवाज एकसारखा, पाठ केल्यासारखा नाही, पण फार लांबून आल्यासारखा. "लई तरास झाला. रातभर कळा. सकाळी ह्यो झाला. मग रगात थांबंना. सुईण म्हनली, घान जातीया, जाऊ द्या. मग थंडी वाजाय लागली. चार वाकळा घातल्या तरी थंडी. मग हातपाय कुटं हायत ते कळंना."

मी लिहिणं थांबवलं. 

"मग कायच न्हाय," ती म्हणाली.

"मग?"

"मग मी आले की हितं."

सखूबाई भिंतीला टेकून उभी होती. तिने डोळे मिटून घेतले होते. मांडीवरचं पोर बाईच्या गळ्याशी खेळत होतं, तिथल्या काळ्या पोतीत अडकवलेला चांदीचा एक छोटा पत्रा चाचपत होतं. सरांनी कोपऱ्यातून इंग्रजीत, अगदी हळू, मला विचारलं, "तिच्या गळ्यात ते काय आहे? गल्लीतल्या आणखी बायकांच्या गळ्यात मी ते पाहिलंय. देवता आहे का?"

मी वाकून पाहिलं. बोटाच्या पेराएवढा टाक, त्यावर उठावाने काढलेली एक बाई. हात खाली सोडलेले. नाक-डोळे नव्हते, नुसती बाई.

तो काय आहे हे मला माहीत होतं. सोलापुरातही जुन्या घरांतून ही पद्धत होती. पहिली बायको वारली आणि नवरा दुसरी करून आणू लागला की गेलेलीचा टाक करून नवीच्या गळ्यात घालतात. नवं लुगडं आलं की आधी टाकाला टेकवायचं, घास घेतला की आधी टाकाला दाखवायचा. म्हणजे थोरली रागवत नाही, धाकटीला सुखाने नांदू देते. इथे त्याच्या पुढे एक पायरी होती, ती मला त्या हिरव्या लुगड्यावरून कळली. नवीला थोरलीचंच नाव ठेवायचं, तिचंच लुगडं नेसवायचं, तिच्या वयाला वय लावायचं. म्हणजे थोरलीला कळतच नाही की आपण मेलो. आणि जिला आपण मेल्याचं कळलेलं नाही तिला गेली म्हणायचं नाही, कारण ते तिच्या कानावर जाईल. म्हणून ते "न्हाय बाई." गाव आमच्याशी खोटं बोलत नव्हतं. गाव तिच्यासमोर बोलत होतं.

सरांना मी हे सगळं ओट्यावर येऊन सांगितलं. त्यांनी मागे वळून दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "माझ्या नियमाने त्यांना मदत केली, वसुधा. चेहरा ओळखणारं माणूस मीच दुसऱ्यांदा पाठवत नव्हतो."

त्या संध्याकाळी आम्ही कोणाला काही विचारलं नाही. नुसते गावातून चालत गेलो. बायका पाणी घेऊन येत होत्या, दारात शेणी लावत होत्या, आणि मी त्यांच्या गळ्याकडे बघत होते. पदर सरकला की टाक चमकायचा. एका म्हातारीच्या गळ्यात शेजारीशेजारी दोन होते. काही बायका ओळखीचं हसल्या, मलाही हसावं लागलं, आणि हसताना आपल्याकडे नक्की कोण बघतंय हे कळेना. एरवी भुताखेतांच्या गोष्टींवर मी लोकांची मनसोक्त चेष्टा करते. त्या संध्याकाळी मात्र सरांच्या अगदी जवळून चालत होते.

पुढे अहवाल लिहिताना याच खुणेने आम्ही विचारायला लागलो. कोण गेली, असं विचारायचं सोडलं. गळ्यात थोरली कुठली, तिचं माहेर कुठलं, ती काय खायची, असं विचारलं की बायका मोकळेपणाने बोलत. मुंबईच्या साहेबांनी गळ्यातल्या दागिन्यांवरून मृत्यू मोजणारे अहवाल पूर्वी पाहिले नव्हते. बरीच पत्रापत्री झाली, टिंगलही झाली. सर परत गेल्यावर जीप आली. माझ्या नोकरीत मला मिरवायला एवढंच आहे, आणि मी ते मिरवते. पण हे नंतरचं. त्या दिवशी प्रश्न जीपचा नव्हता.

परत निघताना सर त्या घरापाशी थांबले. "तिचे पाय पाहिलेस?" त्यांनी विचारलं. मी हनुवटी आणि गळा पाहिला होता, पाय पाहिले नव्हते. पाय सुजून जोडवी मांसात रुतली होती. आम्ही पुन्हा आत गेलो. डोकं दुखतं का, तर लई दुखतं. डोळ्यापुढे काजवे येतात का, तर येतात. सरांनी रक्तदाब पाहिला आणि दुसऱ्यांदा पाहिला. मग मला म्हणाले, "हिला आज रात्री किंवा उद्या झटके येतील. आत्ता सोलापूरला नेली तर वाचेल. इथे ठेवली तर त्या पत्र्याशेजारी दुसरा पत्रा येईल."

तरुण संशोधकांना पहिला धडा हा असतो की बघायचं, हात घालायचा नाही. तो धडा देणारा माणूसच आता दारात उभा राहून, हिला गाडीत घाला, म्हणत होता. मी सखूबाईला समजावलं. तिने नकाराची मान हलवली.

"ल्योक बाजाराला गेलाय, पर त्याचं न्हाय काय. त्यो नगं म्हननार न्हाय." ती शांताच्या गळ्याकडे न बघता बोलत होती. "हिला न्याल. पर तिला कुनी इचारलंय का? तिला तवा नेलं न्हाय, आन् हिला मोटारीतनं न्यायची. ती बसू देईल व्हय?"

 आमच्या कुठल्याही व्याख्यानात हे आलेलं नव्हतं. मी सरांना शब्दशः भाषांतर करून सांगितलं. सरांनी विचार केला आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "मग तिलाही बोलवा. जागा आहे."

सखूबाईने पोर शेजारणीकडे सोपवलं, दहीभाताचा घास टाकाला दाखवला, टाकाजवळ तोंड नेऊन काहीतरी पुटपुटली, आणि आम्ही निघालो. कॉलेजच्या गाडीत खिडकीजवळची एक जागा मोकळी ठेवायला लागली. परदेशातल्या विद्यापीठाचे प्राध्यापक मागे स्टेपनीवर बसून सोलापूरपर्यंत आले. ड्रायव्हरने वाटेत एकदाही मागच्या आरशात पाहिलं नाही. मधेच गाडी खड्ड्यात आदळली तेव्हा सखूबाईचा एक हात शांताला सावरायला गेला, आणि दुसरा हात त्या मोकळ्या जागेपुढे आडवा गेला.

रात्र औषधांवर काढली. सकाळी डॉक्टरांनी ठरवलं की पोट उघडून मूल काढायचं, थांबण्यात अर्थ नाही. ऑपरेशन थिएटरच्या दारात सिस्टरने सांगितलं, अंगावरचं सगळं उतरवा. बांगड्या निघाल्या, जोडवी कापून काढावी लागली. टाकावर हात जाताच शांता, जी सकाळपासून धड डोळे उघडत नव्हती, ती उठून बसली. पोत तिने मुठीत धरली.

"खाली ठिवायचा न्हाय," ती म्हणाली. "खाली ठिवला की तिला कळंल."

सिस्टर म्हणाली, कपाटात ठेवते, कुलूप लावते. ती ऐकेना. रक्तदाब चढत होता. सिस्टरने सखूबाईला सांगितलं, तुमच्या गळ्यात घाला. सखूबाई भिंतीपर्यंत मागे सरकली. "माज्या गळ्यात नगं. ती माज्यावर रागावलीय. कुनाच्या तरी जित्या गळ्यात पायजे, पर माज्या न्हाय." मग तिची नजर माझ्यावर आली. "बाई, तुमचं लगीन न्हाय न्हवं झालं? मग तुमच्यावर तिचा राग असायचं कारन न्हाय."

मी सरांकडे पाहिलं. मला वाटलं, ते म्हणतील की हे आपलं काम नाही. ते म्हणाले, "इथवर तर आपण तिला आणलीच आहे."

शांताने स्वतःच्या हाताने पोत माझ्या गळ्यात घातली. टाक तिच्या अंगाच्या तापाने गरम झालेला होता. तिला आत नेलं, दार लागलं, आणि मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले. सर आत डॉक्टरांबरोबर गेले. बाहेर कडक ऊन, माणसांची वर्दळ, कोणाचं तरी पोर रडत होतं, शेंगदाणेवाला ओरडत होता. अशा ठिकाणी काही वाटायचं कारण नाही. पण तो टाक गार होईना. चांदी अंगावर घातली की थोड्या वेळाने आपल्या अंगाइतकी होते, हे मलाही कळतं. हा माझ्या अंगापेक्षा गरम होता आणि तसाच राहिला. याचं स्पष्टीकरण मी नंतर डॉक्टर मंडळींकडे मागितलं नाही. ते देतील याची मला भीती होती.

सखूबाई समोर जमिनीवर बसली होती. ती माझ्याकडे बघत होती, आणि बघता बघता तिची नजर बदलली. तिने हात जोडले.

"शांते," ती म्हणाली.

मी म्हणायला हवं होतं की मी वसुधा. 

"तुज्या पोराला मी तळहातावरच्या फोडावानी जपतीया. बगितलंस न्हवं? तुज्यावानी हसतंय."  मग खालमानेने, न अडखळता तिने सगळं सांगितलं. पूर्ण गावात आम्हाला कोणी न सांगितलेलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. कळा कधी लागल्या, सुईण काय म्हणाली, गाडीवान कसा मिळाला नाही, आणि नंतर तो मिळाल्यावर आता कशाला म्हणून परत कसा पाठवला. "तू पानी मागत हुतीस. सुईण म्हनली, रगात जातंय तवा पानी द्यायचं नसतं, अंगात थंडी भरंल. म्या दिलं न्हाय. तू माजा पदर धरून मागत हुतीस. घागर भरल्याली हुती गं. उशालाच हुती. म्या दिलं न्हाय."

माझा घसा कोरडा पडला होता. तो माझाच होता, असं मी आजही शपथेवर सांगणार नाही.

सखूबाई उठली. व्हरांड्याच्या टोकाला रांजण होता. तिथून तिने तांब्या भरून आणला, पेल्यात ओतला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. मी प्यायले. तिने पुन्हा भरला. मी पुन्हा प्यायले.

थिएटरचं दार उघडलं आणि सर बाहेर आले. डोक्यावरची पांढरी टोपी काढायचं ते विसरले होते. "दोघी ठीक आहेत," ते म्हणाले. "मुलगी झाली. आई शुद्धीवर येतेय आणि गळा चाचपतेय. ते लवकर परत दे."

मी सखूबाईला सांगितलं. तिचे डोळे भरून वाहायला लागले. मी पोत काढायला मानेमागे हात नेले, तर तिने माझं मनगट धरलं.

"जरा थांबा बाई," ती म्हणाली. "तिचं पिऊन झालं न्हाय."

मी हात खाली घेतले आणि पेला पुढे केला.